त्या रात्री वॉर्डात तिघी होत्या

आत्याला डिस्चार्ज मिळणार होता त्या दिवशी मी सकाळी साडेसातलाच वॉर्डात पोचले. रात्रपाळीच्या सिस्टर पुढच्या पाळीला काम सोपवून निघायच्या आत त्यांना गाठायचं होतं. काय बोलायचं ते आदल्या रात्रीपासून मनात घोळत होतं, पण त्या समोर आल्यावर डोळेच भरून आले आणि तोंडून एवढंच निघालं, “तुम्ही देवासारख्या धावून आलात.”

त्यांनी माझा हात हातात घेतला. जरा थांबून म्हणाल्या, “ताई, ऐकून बरं वाटलं. पण एक सांगू? तुम्ही चांगल्या वेळी आलात. सध्या रात्री आम्ही तिघी असतो. दोन महिन्यांपूर्वी मी एकटी असायचे. तेव्हा आला असतात ना, तर तुम्ही माझी तक्रार केली असतीत.”

त्या गेल्या. घरी आल्यावर आत्याचं अंथरूण, औषधांच्या वेळा, वॉकर या सगळ्यात दिवस गेला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरात तोवर सगळ्यांचं एकमत झालं होतं की त्या सिस्टर मुळातच सोन्यासारख्या आहेत आणि आमचं नशीब थोर म्हणून त्या आम्हाला भेटल्या. आणि त्या स्वतः मला सांगत होत्या की असं नाहीये. माणूस तोच, मन तेच, आणि दोन महिन्यांपूर्वी त्याच माणसाच्या हातून हे झालं नसतं.

नेमकं काय झालं होतं ते सांगायला हवं. आत्या 84 वर्षांची. घरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आधी तिला ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे भरती करतानाच तिचा चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी काढून एका पिशवीत घालून आमच्या हातात दिली. हरवलं तर जबाबदारी आमची नाही, असं सांगून. दुसऱ्या रात्री आत्या भलतंच बोलायला लागली. पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या वडिलांना हाका मारायला लागली, सलाईन उपसून काढलं. तिचे हात बँडेजच्या पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधले. सकाळी मनगटांवर लाल वळ होते. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, “वय झालं की असं व्हायचंच.” तिसऱ्या दिवशी आम्ही तिला तिथून हलवलं.

दुसरीकडे ऑपरेशन झालं. त्या रात्री दोनच्या सुमारास आत्या पुन्हा किंचाळून उठली. सिस्टर आल्या. त्यांनी मोठा दिवा लावला नाही. मला विचारलं, “यांना ऐकू येतं का नीट? मशीन लावतात का?” मी पिशवीतून मशीन काढून दिलं. त्यांनी ते आत्याच्या कानात बसवलं, चष्मा पुसून नाकावर ठेवला, आणि स्टूल ओढून अशा बसल्या की त्यांचा चेहरा आत्याच्या चेहऱ्यासमोर आला. “आजी, मी सिस्टर. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. तुमच्या पायाचं ऑपरेशन झालंय. आत्ता रात्रीचे दोन वाजलेत. तुमची भाची इथंच बसलीय, बघा.” आत्या ओरडतच होती. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. आणि पुन्हा. चार वेळा, तितक्याच शांत आवाजात. बोलता बोलता त्यांचा हात चादरीखाली गेला. लघवीची नळी मांडीखाली दाबली जाऊन मुडपली होती आणि आत्याचं ओटीपोट तट्ट फुगलं होतं. त्यांनी नळी सरळ केली. पिशवीत लघवी उतरायला लागली तशी माझ्या हातावरची आत्याची घट्ट पकड सैल झाली.

त्या पुढे वीस-पंचवीस मिनिटं तिथेच बसून होत्या. तेवढ्यात वॉर्डात दोनदा बेल वाजली. दोन्ही वेळा दुसरी सिस्टर उठून गेली.

शेवटच्या दोन वाक्यांचं महत्त्व मला त्या रात्री कळलं नव्हतं.

आम्ही या सगळ्याला माया म्हणालो. माया तर होतीच, आणि तिचं मोल मी कमी करत नाही. पण तो अगदी नेमका उपचारही होता, आणि हे कळायला मला खूप वाचावं लागलं. आत्याला जे झालं होतं त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आपल्या घरांतून जुनी माणसं म्हणायची, वात झालाय, वातात बडबडतोय. आजारी म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूचा तोल अचानक ढळतो. त्याला कारणं असतात: जंतुसंसर्ग, ऑपरेशन, काही औषधं, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, मोडलेली झोप, न शमलेली वेदना. त्यात चष्मा आणि कानाचं मशीन काढून घेतलं की त्या माणसाला भोवतालचं जग दिसेनासं, ऐकू येईनासं होतं. अनोळखी खोली, अनोळखी हात, काही ऐकू येत नाही, आणि कोणीतरी आपल्याला धरून ठेवतंय. तरणाताठा माणूससुद्धा अशात घाबरेल.

यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केला. सत्तर वर्षं आणि त्यापुढचे 852 रुग्ण. अर्ध्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्या अर्ध्यांना नेहमीच्या सेवेबरोबर आणखी काही साध्या गोष्टी: आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे पुन्हा पुन्हा सांगणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावलेलं आहे ना हे बघणं, वेळेवर पाणी पाजणं, लवकर उठवून चालवणं, रात्री आवाज कमी करून, पाठ चोळून झोपेच्या गोळीशिवाय झोप येईल असं बघणं. नेहमीच्या सेवेत शंभरातल्या 15 जणांना डिलिरियम झाला, या दुसऱ्या गटात दहापेक्षा किंचित कमी जणांना, 9.9 टक्के. यातलं बरंचसं काम प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी केलं होतं.

ही यादी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या सिस्टरनी रात्री दोन वाजता जे केलं ते जवळजवळ ओळीने त्यात होतं. आणि पहिल्या हॉस्पिटलात जे केलं गेलं ते बरोबर त्याच्या उलट.

म्हणून मला आता ‘देवमाणूस’ हा शब्द खटकतो. त्यामागची भावना खरी असते, मी स्वतःच तो उच्चारलाय. पण एखाद्याला देव म्हटलं की त्याच्या कामाला वेळ लागतो, शिकावं लागतं, पाठ दुखते, झोप येते, हे सगळं आपण विसरतो. देवाला कशाचीच गरज नसते. त्याला रजा नको, मदतनीस नको, दोनशे पावलांच्या आत पाण्याचा जग असावा असंही काही नको. आणि मग जिथे हे ‘देव’ भेटत नाहीत तिथे आपण म्हणतो, माणसं वाईट, हल्लीच्या पोरींना मायाच नाही. दोन्हीकडे हॉस्पिटल चालवणारे मोकळे सुटतात. चांगलं झालं तर श्रेय एका सिस्टरच्या स्वभावाला, वाईट झालं तर दोष दुसऱ्या सिस्टरच्या स्वभावाला. रात्री वॉर्डात किती जणी ठेवायच्या हे ज्याने टेबलावर बसून ठरवलं, त्याचं नावही कोणाच्या तोंडी येत नाही.

खरं तर हा आकडा जीवनमरणाचा आहे. 2014 मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या 9 देशांमधल्या 300 हॉस्पिटलांचा अभ्यास मांडला. ऑपरेशन झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला की भरती झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. उलट, पदवी घेतलेल्या नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे ती तेवढीच कमी दिसली. अशा अभ्यासातून एका गोष्टीमुळेच दुसरी झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे मान्य. पण ज्याने रात्रीचा वॉर्ड पाहिलाय त्याला या आकड्याचं आश्चर्य वाटणार नाही. एक बेल वाजत असताना दुसरी वाजली की एकटी सिस्टर काय करेल? ज्याचा श्वास अडकलाय त्याच्याकडे धावेल. किंचाळणाऱ्या म्हातारीचे हात बांधून जाईल, कारण ते दोन मिनिटांत होतं आणि समजूत घालायला पंचवीस मिनिटं लागतात.

हे जगात कोणी ओळखलंच नाही असंही नाही. कॅलिफोर्नियात एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याचा कायदा 1999 मध्ये झाला आणि 2004 पासून लागू झाला. सर्वसाधारण वॉर्डात ही मर्यादा पुढे पाच रुग्णांवर आणली गेली. आणि माणसं कमी केल्यावर काय होतं ते इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या हॉस्पिटलने दाखवलं. तिथल्या कारभाराची सार्वजनिक चौकशी होऊन रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी 2013 मध्ये आला. त्या संस्थेला वरचा, स्वायत्त दर्जा मिळवायचा होता. त्यासाठी खर्च कापला, कर्मचारी कमी केले. 2005 ते 2009 या काळात वॉर्डात वृद्ध माणसं घाण झालेल्या अंथरुणात तासन्‌तास पडून राहिली, पाण्याचे पेले हात पोचणार नाहीत इतके लांब ठेवलेले असायचे. माणसं अपुरी आहेत असं सांगणाऱ्या कर्मचाऱ्यांचं कोणी ऐकलं नाही. ही गोष्ट उघड झाली ती नातेवाइकांच्या चिकाटीमुळे. आईला तिथे गमावलेल्या एका मुलीने बाकीच्या कुटुंबांना एकत्र केलं आणि चौकशी होईपर्यंत ती मागे हटली नाही. अहवालात 290 शिफारशी आहेत. त्या चाळताना मला सारखं वाटत राहिलं की स्टॅफर्डला येणाऱ्या नर्सही कधीतरी माणसांची सेवा करायची म्हणूनच या कामात आल्या असतील.

इथे कोणी म्हणेल की नुसती माणसं वाढवून माया येत नाही. बरोबर आहे. माझ्याच अनुभवातून सांगते. पहिल्या हॉस्पिटलात त्या रात्री माणसं कमी नव्हती. आत्याचे हात बांधायला तिघं आले होते. तिघं! त्यातल्या एकाला जरी चष्म्याचं, कानाच्या मशीनचं सुचलं असतं तर. पण त्यांना ते कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, “वय झालं की असं व्हायचंच” हे वाक्य तिथे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना पटलेलं होतं.

हे वाक्य वृद्ध रुग्णाचं जितकं नुकसान करतं तितकं कुठलाही आजार करत नसेल. 1935 मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या अनाथ-निराधारांच्या दवाखान्यातले 714 रुग्ण सोपवले गेले. बहुतेक म्हातारे, कित्येक जण वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, आणि यांचं आता काही व्हायचं नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. मार्जरी वॉरन या डॉक्टर बाईंनी एकेकाला नीट तपासायला घेतलं. कोणाला खरंच काय झालंय ते शोधलं, रुग्णांची वर्गवारी केली, वॉर्डात उजेड आणला, धरून चालायला कठडे बसवले, माणसांना अंथरुणातून उठवलं. कायमचे खिळलेले मानलेले कित्येक जण चालायला लागले, काही घरी गेले. वृद्धांचं वैद्यक ही वेगळी शाखा उभी राहिली तिच्या मुळाशी हे काम आहे. म्हणजे जिथे दुसऱ्यांना म्हातारपण दिसत होतं तिथे त्या बाईंना आजार दिसला, आणि आजारावर इलाज असतो.

आणि हे सगळं एखाद्या मार्जरी वॉरनची वाट बघत बसावं असं नाही. व्यवस्थेत ते बसवता येतं. खुब्याच्याच हाडाचं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये 2010 पासून असं केलं की अशा रुग्णाचं ऑपरेशन 36 तासांच्या आत झालं, वृद्धांच्या तज्ज्ञाने त्याला लवकर पाहिलं, आणि, पुढे घातलेल्या अटीनुसार, त्याची स्मृती आणि भान तपासलं, तर हॉस्पिटलला त्या रुग्णामागे जास्त पैसे मिळतात. भान तपासायला पैसे! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार रुक्ष वाटलं होतं. आता वाटत नाही. ज्या कामाला वेळ लागतो त्याचा मोबदला ठरवणं म्हणजे ते काम आहे हे मान्य करणं. आत्याजवळच्या त्या पंचवीस मिनिटांची नोंद केसपेपरवर कुठेच नाही. मी शोधली. सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, इंजेक्शन किती वाजता दिलं, सगळं आहे. ‘रुग्णाजवळ बसले, शांत केलं’ असं लिहायला रकानाच नाही. ज्याला रकाना नाही ते बजेटमध्ये येत नाही, आणि कपात करायची वेळ आली की तेच आधी जातं.

आता आपल्याबद्दल, म्हणजे नातेवाइकांबद्दल. आपल्या कृतज्ञतेत भीती मिसळलेली असते, हे मान्य करायला हवं. पहिल्या हॉस्पिटलात मनगटावरचे वळ पाहून मी काय केलं? हात जोडून “थँक्यू डॉक्टर” म्हणाले. कारण आपलं माणूस त्यांच्या ताब्यात असतं. आपण बोललो आणि त्याचा राग रात्री तिच्यावर निघाला तर? या भीतीने आपण वाईटाबद्दल गप्प बसतो. आणि चांगल्याबद्दल बोलतो तेव्हा हातात पाकीट सरकवतो नाहीतर पाया पडतो. पाकिटाचं तर मला आता पटतच नाही. घेणारीची गरज खरी असते, देणाऱ्याचं मनही चांगलं असतं, पण त्यातून पुढच्या कॉटवरच्या माणसाला कळतं की इथे जवळ येऊन बसण्याला दर आहे. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्या आईची नळी मग कोण सरळ करणार?

मला वाटतं आपण आभार मानायची पद्धत बदलायला हवी. तोंडी मानावेतच, माणसाला ते लागतात. केट ग्रेंजर नावाच्या ब्रिटिश डॉक्टर बाई स्वतः वृद्धांवर उपचार करायच्या. 2013 मध्ये कर्करोगाच्या रुग्ण म्हणून भरती असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करणारे बरेच जण आपलं नावही सांगत नाहीत. ‘हॅलो, माझं नाव अमुक’ एवढ्या एका गोष्टीची मोहीम त्यांनी मरेपर्यंत चालवली. रुग्णाला जसं समोरच्याचं नाव कळायला हवं तसं आपल्यालाही ते माहीत हवं. महिनाभर ज्यांनी आत्याला कुशीवर वळवलं, पुसलं, त्या मावशींना आम्ही सगळे ‘मावशी’च म्हणत होतो. त्यांचं नाव मी शेवटच्या दिवशी विचारलं, याची मला लाज वाटते.

पण तोंडी आभार वॉर्डातच विरून जातात. ते लिहून व्यवस्थापनाकडे गेले पाहिजेत, आणि त्यात ‘फार प्रेमाने वागवलं’ एवढंच नको. काय केलं, किती वाजता केलं, त्याने काय फरक पडला, हे असावं. आणि पुढे विचारावं: या वॉर्डात रात्री किती सिस्टर असतात? ही संख्या कायम राहणार आहे का? नव्याने आलेल्यांना डिलिरियम ओळखायला शिकवता का? तक्रार करणाऱ्याकडे ‘त्रासदायक नातेवाईक’ म्हणून पाहतात. आभार मानणाऱ्याला तसं म्हणता येत नाही. त्याला उत्तर द्यावं लागतं.

मागच्या आठवड्यात मी तसं पत्र लिहिलं. आत्या खिडकीशी खुर्चीत बसली होती, कानात मशीन, मांडीवर घडी केलेली शाल. त्या दोन-तीन रात्रींतलं तिला फारसं आठवत नाही, कोणीतरी समोर बसून सारखं वेळ सांगत होतं एवढं आठवतं. मी पत्र वाचून दाखवलं. नळीचं आलं तेव्हा ती जरा संकोचली, मग म्हणाली, राहू दे, खरं तेच लिही. शेवटी विचारलं, “त्या पोरीचं नाव घातलंस ना?”

घातलं होतं. मावशींचंही घातलं होतं. आणि दोन्ही वेळा बेल वाजल्यावर ज्या उठून गेल्या त्या दुसऱ्या सिस्टरचंही.